जुन्या ड्रॅग कारसाठी हलका अॅल्युमिनियम डॅशबोर्ड: नोव्हाचं उदाहरण घेऊन सगळी पद्धत

१९६६-६७ ची शेवरले चेव्ही टू, म्हणजे सगळे जिला सरळ नोव्हा म्हणतात ती, अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन गाड्या शेजारी-शेजारी सरळ पाव मैल पळवायच्या ट्रॅकवर, आजही भरपूर दिसते, कारण गाडी मुळातच छोटी आणि हलकी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११० इंच, आणि पुढे व्ही८ आरामात बसतं. या गाडीचा मूळ लोखंडी डॅश काढून त्याजागी अॅल्युमिनियमचा कसा बनवायचा ते आज नीट लिहितो. ६७ ची कॅमेरो असो, जुनी फाल्कन असो, पद्धत हीच, मापं बदलतील. पुण्यात कुणी पद्मिनी किंवा कॉन्टेसा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पळवायला तयार करत असेल तर पत्र्याचं काम त्यालाही जसंच्या तसं लागू आहे.

आधी वजनाचं बोलू. ड्रॅगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की १०० पौंड म्हणजे ४५ किलो कमी झाले की पाव मैलात साधारण ०.१ सेकंद वाचतो. म्हणजे नुसता डॅशचा पत्रा बदलून टाइम स्लिपवर, म्हणजे रननंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर, फार काही दिसणार नाही. पण त्या पत्र्याच्या मागे हीटर बॉक्स, वायपर मोटर आणि तिचे दांडे, रेडिओ, स्पीकर, ग्लोव्ह बॉक्स, साठ वर्षांचं वायरिंग असं सगळं लटकलेलं असतं, ते धरून समजा २० किलो निघाले तर ०.०४-०.०५ सेकंद झाले, आणि हे वजन गाडीच्या पुढच्या अर्ध्यातलं आहे, म्हणजे मागच्या टायरवर वजनाचा वाटा तेवढा वाढतो. हे चांगलंच आहे. पण माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. चांगला ड्रॅग डॅश म्हणजे जो दोन मिनिटांत हातात काढून घेता येतो तो. दोन राउंडच्या मधे पिटमधे वेळ कमी असतो, फ्युएल पंपाचा रिले गेला की वायर सुटली ते बघायला तुम्ही सीटखाली डोकं घालून टॉर्च दातात धरून पडलात तर तो राउंड गेलाच समजा. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे: हलका तर हवाच, पण पटकन निघणारा हवा.

कापायच्या आधी हे बघा

या काळातल्या शेवरलेचा डॅश म्हणजे नुसतं कव्हर नाहीये, तो बॉडीला वेल्ड केलेला स्टीलचा भाग आहे. तो दोन्ही बाजूच्या पिलरना (दरवाज्याच्या पुढचे खांब) आणि काउलला (काचेखालचा आडवा पत्रा) बांधून ठेवतो, स्टीअरिंग कॉलम त्यालाच टांगलेला असतो, आणि त्याचाच वरचा काठ विंडशील्डच्या खालच्या बाजूला आधार देतो. त्यामुळे ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा पाइपांचा पिंजरा) बसलेली पाहिजे, आणि केजला पुढच्या दोन उभ्या पाइपांच्या मधे डॅश बार पाहिजे, म्हणजे डॅशचं काम तो आडवा पाइप करेल. केज नसताना डॅश कापला की युनिबॉडी (वेगळी चेसिस नसलेल्या) गाडीचा पुढचा भाग ढिला पडतो आणि नंतर दरवाजे नीट बसत नाहीत. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमाने पाव मैलाला ९.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला केज आणि चेसिस सर्टिफिकेशन लागतंच, पण तुमची गाडी हळू असली तरी डॅश पूर्ण कापणार असाल तर केज आधी, हा माझा आग्रह आहे.

वरचा काठ, म्हणजे विंडशील्डच्या रबराखालची साधारण दोन-तीन इंचाची पट्टी, तशीच ठेवा. नवा डॅश तिलाच जोडायचाय. कापताना जुन्या फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) इन्सुलेशनमधे अॅस्बेस्टॉस असू शकतं, मास्क चांगल्या दर्जाचा वापरा, कापडी रुमाल चालणार नाही.

आणि एक महत्त्वाचं. जीएमच्या (शेवरलेची मूळ कंपनी) गाड्यांना १९६७ पर्यंत व्हीआयएन प्लेट, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची पट्टी, दरवाज्याच्या पिलरवर असायची, १९६८ पासून ती डॅशवर, काचेतून दिसेल अशी आली. तुमची गाडी ६८ किंवा नंतरची असेल तर तो तुकडा कापू नका, प्लेट काढून दुसरीकडे लावूही नका, अमेरिकेत तो फेडरल गुन्हा आहे.

हीटर बॉक्स काढला की फायरवॉलला मोठं भोक उरतं. ते बंद करायलाच लागतं. एनएचआरएला फायरवॉल कमीत कमी ०.०३२ इंच अॅल्युमिनियम किंवा ०.०२४ इंच स्टीलची लागते आणि इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधे एकही उघडं भोक चालत नाही. डॅश बसल्यावर तिथं हात जात नाही, म्हणून हे आधी उरका.

पुठ्ठ्यावर वेळ घालवा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, पत्र्यावर नाही. मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, मास्किंग टेप, कटर, आणि गाडीतच डॅश बनवा. डावा पिलर ते उजवा पिलर नुसतं टेपने अंतर मोजून भागत नाही कारण काउलला गोलाई असते, त्यामुळे दोन्ही टोकांना छोटे तुकडे लावून लावून आकार पकडायचा आणि मग ते सगळे एकमेकांना चिकटवायचे. साठच्या दशकातल्या गाड्या डावी-उजवी सारख्या असतील असं धरून चालू नका, एका बाजूचा टेम्प्लेट उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरला की फट पडते.

पुठ्ठ्याचा डॅश लागला की आता ड्रायव्हरला बसवा, आणि तो रेसला बसतो तसाच बसला पाहिजे. हेल्मेट, ग्लव्हज, जॅकेट, नेक रिस्ट्रेंट (मानेचा आधार), बेल्ट पूर्ण आवळून. पाच पॉइंटचा बेल्ट आवळला की खांदा पुढे येत नाही, एरवी सहज पोचणारा हात चार इंच कमी पडतो, आणि हेल्मेटमुळे मान खाली झुकत नाही म्हणजे डॅशचा खालचा अर्धा भाग दिसतच नाही. तो नुसत्या टी-शर्टवर बसला असताना जागा ठरवल्या तर सगळं परत करावं लागतं. त्याला समोर बघायला सांगा आणि मार्करने पुठ्ठ्यावर खुणा करा, स्टीअरिंगच्या मधून काय दिसतं, हात कुठपर्यंत जातो.

समोर म्हणजे कुठं, तर ट्रीकडे, म्हणजे स्टार्टच्या दिव्यांच्या खांबाकडे. १९६३ पासून ड्रॅग रेसिंगमधे स्टार्ट ख्रिसमस ट्रीवर होतो आणि ती दोन लेनच्या मधे उभी असते, म्हणजे डाव्या लेनमधे असाल तर नजर उजवीकडे पुढे आणि उजव्या लेनमधे असाल तर डावीकडे. प्रो ट्रीला तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा, साध्या ट्रीला पिवळे एकामागून एक ०.५ सेकंदाच्या अंतराने. त्या वेळेत डोळा गेजवर जाणारच नाही. म्हणून डॅशची उंची ठरवताना दोन्ही लेनमधून ट्रीचा खालचा भाग झाकला जात नाही ना ते बघायचं, आणि शिफ्ट लाइट (गिअर बदलायची खूण देणारा दिवा) अशा जागी लावायचा की समोर बघतानाच कडेने नजरेत येईल. टॅकोमीटर (इंजिनचे आरपीएम दाखवणारं गेज) शक्य तेवढा वर. बाकीची गेज बर्नआउटनंतर (टायर गरम करायला जागीच फिरवणं) आणि स्टेज व्हायच्या, म्हणजे स्टार्ट लाइनवर उभं राहायच्या, आधी एकदा बघायची असतात, ती थोडी बाजूला गेली तरी चालतं.

कोणता पत्रा

अॅल्युमिनियमचा ५०५२-एच३२ हा ग्रेड, जाडी ०.०५० इंच म्हणजे १.२७ एमएम. बाकी काही विचार करू नका. ३००३ अजून मऊ असतो, हाताने वळवायला छान, पण गेजच्या वजनाने आणि कंपनाने लवकर वाकतो. ६०६१-टी६ मजबूत आहे म्हणून लोक आणतात आणि मग ९० डिग्रीत वळवायला गेलं की बाहेरच्या बाजूने तडा जातो, तो प्लेट आणि ब्रॅकेटसाठी ठेवा. ५०५२ वळतोही चांगला, वेल्डही होतो, गंजतही नाही.

वजन काढून बघा. ५०५२ ची घनता २.६८, म्हणजे १.२७ एमएम पत्रा चौरस मीटरला ३.४ किलो. डॅश समजा १.३५ मीटर लांब, पुढची बाजू २२ सेंटीमीटर आणि वरचा शेल्फ २० सेंटीमीटर धरला तर ०.५७ चौरस मीटर, १.९ किलो, आणि भोकं पडली की अजून कमी. एवढ्याच जाडीचं स्टील जवळपास तिप्पट भरेल.

फायबरग्लासचं पण बरेच जण विचारतात. मूळ डॅशवर वॅक्स लावून साचा काढायचा आणि त्यात कॉपी ओतायची, दिसायला अगदी ओरिजिनल येते, ज्यांना गाडी बाहेरून-आतून साठच्या दशकातलीच दिसायला हवी त्यांच्यासाठी हाच मार्ग. पण हलकं असेलच असं नाही. ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर घेतले आणि हाताने रेझिन मारलं तर मॅटच्या दुपटीहून जास्त रेझिन जातं, चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास, म्हणजे अॅल्युमिनियमएवढंच झालं, आणि वर महिनाभर खाज. कार्बन हलका आणि कडक दोन्ही आहे पण महाग, शिवाय कार्बनमधून करंट जातो हे लक्षात ठेवा, स्विचचे उघडे टर्मिनल त्याला टेकता कामा नयेत, आणि अॅल्युमिनियमचं रिव्हेट थेट कार्बनमधे मारलं की ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

कापणं आणि वळवणं

डॅश एका तुकड्यात करू नका. तीन भाग करा: वरचा शेल्फ जो कायम राहील, ड्रायव्हरसमोरचं गेज पॅनल, आणि पॅसेंजर बाजूचं पॅनल ज्याच्या मागे फ्यूज, रिले, इग्निशन बॉक्स असं सगळं बसेल. शेवटची दोन निघणारी. तीन छोटे भाग वळवायला छोटं मशीन पुरतं हाही फायदा आहे, नाहीतर दीड मीटरचा बेंडिंग ब्रेक शोधत फिरावं लागतं.

पुठ्ठ्यावरून पत्र्यावर आखताना मार्करच वापरा. वळवायच्या रेषेवर सुईने ओरखडा काढला की पत्रा तिथंच तुटतो. पेन्सिलही नको, ग्रॅफाइटमुळे अॅल्युमिनियमला गंज धरतो, विमानाच्या पत्र्यावर काम करणारे या बाबतीत फार कडक असतात. पत्र्याला रोलिंगची दिशा असते, बारीक रेघांवरून दिसते, वळणाची रेष त्या रेघांना आडवी आली तर उत्तम.

आता मापाची गंमत अशी आहे की २०० एमएमची बाजू आणि २५ एमएमचा काठ हवा म्हणून २२५ एमएमचा पत्रा कापला तर वळवल्यावर माप जास्त भरतं, कारण वळणावर पत्रा कोपऱ्यातून न जाता गोलाईने जातो. फॉर्म्युले आहेत, पण प्रत्येक मशीनची गोलाई वेगळी, म्हणून सरळ उपाय सांगतो. त्याच पत्र्याची बरोबर १०० एमएमची पट्टी कापा, त्याच मशीनवर मधे ९० डिग्रीत वळवा, आणि दोन्ही पाय बाहेरून व्हर्नियरने मोजा. बेरीज समजा १०२.४ आली तर दर वळणाला २.४ एमएम वजा करायचे, म्हणजे वरच्या उदाहरणात पत्रा २२२.६ एमएमचा कापायचा. आतली गोलाई निदान पत्र्याच्या जाडीएवढी तरी ठेवा, धारदार कोपरा करायला जाऊ नका.

मोठा सपाट भाग ढोलासारखा वाजतो. फूटभर रुंद भागाला काहीच आधार नसेल तर सॉलिड इंजिन माउंटवर तो थरथरणार आणि गेजचे काटे नाचणार. यासाठी बीड रोलरने एक-दोन बीड (पत्र्यात दाबून उठवलेल्या रेघा) मारा, किंवा जिथं गेज नाहीत तिथं डिंपल डायने गोल भोकं पाडा, भोकाचा काठ आत वळल्यामुळे पत्रा हलका होतो आणि कडकही होतो. पण क्रम पाळा, आधी बीड आणि डिंपल, मग काठ वळवणं. बीड पत्रा थोडा ओढतो, काठ आधी वळवले असतील तर सगळं पॅनल पिळवटतं आणि मग ते सरळ करणं फार त्रासाचं. बीड वळणाच्या रेषेच्या अलीकडेच थांबवायचा.

गेजची भोकं: छोट्या गेजला २-१/१६ इंच म्हणजे ५२ एमएमच्या आसपास, पण गेज हातात आल्याशिवाय भोक पाडू नका, कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो. होल सॉ हळू फिरवा आणि डब्ल्यूडी-४० किंवा रॉकेल मारत राहा, नाहीतर अॅल्युमिनियम दातांत चिकटतं आणि भोक फाटतं. पत्र्याखाली लाकडाची फळी, वरून क्लॅम्प. दोन गेजच्या रिंगांमधे १० एमएम तरी सोडा. प्रत्येक भोक कानसीने आणि एमरी पेपरने साफ करायचं, आतला काठ सुद्धा.

बसवणं

केजच्या पाइपला ड्रिल मारायचं नाही, कशासाठीही नाही, एका छोट्या स्क्रूसाठीही नाही. केज बनवतानाच डॅश बारला छोटे टॅब वेल्ड करून घ्या किंवा पाइपभोवती रबर लावलेला पी-क्लॅम्प बसवा. शेल्फ वरच्या लोखंडी पट्टीला १/८ इंचाच्या रिव्हेटने. भोकाला नंबर ३० चं बिट, आणि पत्र्याच्या काठापासून भोकाचं केंद्र रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट आत, म्हणजे पाव इंच. रिव्हेट मारायच्या आधी सगळीकडे क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना) लावा, १/८ ला तांब्याच्या रंगाचे येतात, सगळा डॅश क्लेकोवर उभा करून ड्रायव्हरला परत एकदा बसवा आणि मगच पक्कं करा. स्टील आणि अॅल्युमिनियम जिथं टेकतात तिथं मधे प्रायमर किंवा पातळ टेप असू द्या.

निघणाऱ्या पॅनलना ड्झस फास्टनर, पाव फेरी फिरवला की सुटतो, ड्रॅग कारच्या सगळ्या बॉडी पॅनलना तेच असतात. गेज पॅनलला चार पुरतात. स्टीअरिंग कॉलमचा आधार मात्र डॅशच्या पत्र्यावर अजिबात येऊ देऊ नका, तो डॅश बारवरून स्वतंत्र ब्रॅकेटने.

गेज, स्विच आणि वायरिंग

टॅकोमीटर, ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, व्होल्ट, फ्युएल प्रेशर. स्पीडोमीटर नको, टायमिंग स्लिपवर स्पीड येतोच. गेज फिरवून असे लावा की सगळं ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर असेल, मग आकडा वाचायला नको, एक काटा तिरका दिसला की कळलं. जुनी युक्ती आहे आणि मला तरी यापेक्षा चांगली माहीत नाही. गाडी ईएफआयवर (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) असेल तर सात इंची डिजिटल डॅश घ्या, होली, रेसपॅक, एआयएम असे पर्याय आहेत, एका कॅन केबलवर सगळा डेटा येतो आणि वायरी निम्म्याहून कमी होतात. कार्ब्युरेटरच्या गाडीला मात्र प्रत्येक सेन्सर वेगळा लावावा लागतो, तिथं अॅनालॉगच बरं.

मेकॅनिकल फ्युएल प्रेशर गेजची पेट्रोलची लाइन गाडीच्या आत आणू नका, मधे आयसोलेटर (पेट्रोल बाहेरच अडवून फक्त दाब पुढे पाठवणारा) लावा किंवा इलेक्ट्रिक सेन्सर घ्या. मेकॅनिकल ऑइल गेजला प्लॅस्टिकची बारीक नळी येते ती फेकून द्या आणि स्टील ब्रेडेड लाइन टाका, ड्रायव्हरच्या पायावर गरम ऑइल उडणं ही गोष्ट २०० किलोमीटरच्या स्पीडला व्हायला नको.

स्विच गिअर लिव्हरच्या बाजूला, ग्लव्हज घालून एक दाबताना दुसरा दबणार नाही एवढ्या अंतरावर. सगळे वर म्हणजे चालू. इग्निशनला झाकणवाला. बॅटरी डिकीत हलवली असेल तर मास्टर कटऑफ गाडीच्या मागे बाहेरून लागतो, ऑफ असं स्पष्ट लिहिलेलं, आणि तो बंद केला की इंजिनसकट सगळं बंद झालं पाहिजे. अल्टरनेटर असेल तर त्याची वायर पण त्या स्विचवरूनच गेली पाहिजे, नाहीतर बॅटरी तोडूनही इंजिन चालूच राहतं आणि टेक इन्स्पेक्शनला (रेसआधीची तपासणी) गाडी परत पाठवतात.

गेज पॅनलच्या सगळ्या वायरी एका मल्टिपिन कनेक्टरवर आणा, डॉइच कंपनीचे चांगले, आणि पॅनल मांडीवर ठेवता येईल एवढी लांबी मागे सोडा. टीएक्सएल किंवा जीएक्सएल वायर घ्या, इन्सुलेशन पातळ आणि उष्णतेला टिकणारं असतं. ग्राउंड पत्र्यावर अवलंबून ठेवू नका, पावडर कोट झाल्यावर तो मिळणारच नाही, प्रत्येक गेजची काळी वायर एका स्टडवर नेऊन तिथून चेसिसला. फायरवॉलमधून जाताना ग्रोमेट. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना लेबल.

रंग: वरचा शेल्फ मॅट काळाच, रिंकल पेंट असेल तर सगळ्यात चांगलं. पॉलिश केलेला अॅल्युमिनियम फोटोत भारी दिसतो, पण दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि नेमका ट्रीचा भाग धुवून जातो. रंगाच्या आधी एचिंग प्रायमर, नाहीतर अॅल्युमिनियमवर रंग धरत नाही. खालचा काठ, जिथं गुडघे येतात, पूर्ण आत दुमडून घ्या किंवा रबर ट्रिम लावा.

पहिल्या काही रननंतर पॅनल काढून रिव्हेट बघा. एखाद्या रिव्हेटभोवती काळी बारीक पूड दिसली तर तो हलतोय, कितीही घट्ट वाटला तरी. तो ड्रिल करून काढा, भोक ५/३२ इंचाच्या रिव्हेटला बसेल एवढं मोठं करा आणि तो एक साइज मोठा रिव्हेट मारा. आणि तो तिथंच का हलला ते पण बघा, बहुतेक वेळा शेजारी आधार कमी पडलेला असतो, तिथं एक छोटा अँगल वाढवला की परत पूड दिसत नाही.